स्वामी रामानंद तीर्थ : एक मुख्याध्यापक

दरवर्षी सप्टेंबर महिन्याच्या १७ तारखेस आपल्या शाळेच्या पटांगणावर ध्वजवंदन होते, राष्ट्रगीत होते, दोन-तीन भाषणे होतात, आणि मुले खाऊ घेऊन घरी जातात. या वर्षी मात्र समारंभ आटोपल्यावर इयत्ता नववीतील एक विद्यार्थी शिक्षकांच्या खोलीत आला व त्याने आम्हांस एक प्रश्न विचारला. हैदराबादच्या मुक्तिलढ्यात शेकडो मुलांनी शाळा सोडल्या असे भाषणात सांगण्यात आले. तर मग मुलांना शाळा सोडू देणारे ते शिक्षक चांगले की वाईट, असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न सरळ होता, परंतु आम्हांस त्याचे उत्तर तत्काळ देता आले नाही. मुलांनी वर्गात नियमाने बसावे हे सांगण्यात आमचे निम्मे आयुष्य गेले आहे. घरी गेल्यावर आम्ही जुनी पुस्तके काढून बसलो, आणि त्या लढ्याच्या अग्रणीचे चरित्र पुन्हा एकवार वाचले. तो अग्रणी स्वतः मुख्याध्यापक होता, आणि तोही आपल्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. त्या विद्यार्थ्यास द्यावयाचे उत्तर आम्हांस त्या चरित्रातच सापडले, म्हणून ते येथे थोडक्यात सांगतो.

प्रथम त्या काळची आपली स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. येडशीहून पश्चिमेकडे रामलिंगाच्या रानातून घाट उतरला की बार्शी तालुका लागतो. आज आपण बाजाराकरिता, दवाखान्याकरिता सहज बार्शीस जातो व सायंकाळी परत येतो. परंतु १९४७ पूर्वी या वाटेवर दोन राज्यांची सीमा होती. बार्शी इंग्रजी मुलखात, तर येडशी निजामाच्या राज्यात. कुर्डुवाडीहून बार्शीवरून येणारी अरुंद रुळांची छोटी आगगाडी येडशीवरून लातुरास जात असे. एकाच गाडीत बसलेला उतारू मध्येच एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत प्रवेश करी. मालावर जकात घेण्यासाठी सीमेवर करोडगिरीची नाकी होती.

निजामाचे हैदराबाद हे हिंदुस्थानातील संस्थानांत सर्वांत अधिक लोकसंख्येचे संस्थान होते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस मैल व लोकसंख्या दीड कोटीहून अधिक होती. तेलुगू, मराठी व कानडी बोलणारे लोक त्यात नांदत होते. आपला मराठवाडा त्याचाच एक भाग होता. १९११ पासून मीर उस्मान अली खान हे गादीवर होते. राज्यकारभार सर्वस्वी एकतंत्री होता. लोकांनी निवडलेले व लोकांस जबाबदार असे सरकार नव्हते. सभा भरवावयाची तर सरकारची परवानगी लागे. गश्ती क्रमांक ५३ या हुकमाची धास्ती जुन्या मंडळींस शेवटपर्यंत आठवत असे. खासगी शाळा काढण्यासही परवानगी लागे. वरच्या वर्गांतील शिक्षण बहुतेक उर्दूतून चाले, त्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्या मुलास शाळेच्या पायरीशीच आपली भाषा बाजूस ठेवावी लागे. उर्दू ही गोड व संपन्न भाषा आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. परंतु जेथे प्रजेच्या मुलास आपल्या भाषेत शिकण्याची मुभा नाही, तेथे राज्याचा पहिला घाव शाळेवरच बसतो. म्हणूनच या राज्यातील लढ्याचा आरंभ शाळांमधून झाला, यात नवल नाही.

ज्यांना आपण स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखतो, त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. विजापूर जिल्ह्यातील सिंदगी या गावी ३ ऑक्टोबर १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती साधारण. शिक्षणासाठी ते सोलापुरास होते. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तले. ही वार्ता ऐकून सतरा वर्षांच्या आतल्या या विद्यार्थ्याने आजन्म ब्रह्मचारी राहण्याचा व देशसेवेस वाहून घेण्याचा निश्चय केला. त्याच वर्षी असहकाराची चळवळ सुरू झाली, आणि व्यंकटेशाने सरकारी शाळा सोडली.

येथे आमच्या बालवाचकांनी क्षणभर थांबावे. शाळा सोडली, एवढेच पुष्कळांना ठाऊक असते; पुढे काय केले, ते कोणी सांगत नाही. व्यंकटेशाने शाळा सोडली, पण अभ्यास सोडला नाही. सरकारी शाळेऐवजी त्याने राष्ट्रीय शाळेची वाट धरली व पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची पदवी संपादन केली. त्याने प्रबंधासाठी निवडलेला विषय लोकशाहीच्या विकासाचा होता. ज्या राज्यात पुढे त्याला अनियंत्रित सत्तेशी झुंजावयाचे होते, त्या झुंजीची तयारी त्याने अशी ग्रंथालयात बसून केली होती. केवळ रागाने पेटून उठणारे तरुण पुष्कळ असतात. ज्याच्याविरुद्ध उठावयाचे ते काय आहे आणि त्याच्या जागी काय आणावयाचे आहे, याचा अभ्यास करून उठणारे थोडे.

शिक्षण संपल्यावर त्यांनी प्रसिद्ध कामगारपुढारी ना. म. जोशी यांचे चिटणीस म्हणून काम केले. गिरणीकामगारांचे हाल, त्यांच्या चाळी, त्यांची मजुरी हे सर्व त्यांनी जवळून पाहिले. इतक्यात प्रकृतीने दगा दिला व दुखण्याने ते अंथरुणास खिळले. त्या दुखण्यातून उठल्यावर त्यांनी शहराकडे पाठ फिरविली आणि १९२९ साली ते आपल्या जिल्ह्यातील हिप्परगा या खेड्यात आले. तेथे १९२१ पासून एक राष्ट्रीय शाळा चालू होती. आडवळणाचे गाव, अपुरा पैसा, वर सरकारची वक्रदृष्टी. अशा स्थितीत त्या शाळेचे मुख्याध्यापकपद त्यांनी स्वीकारले. शिक्षक व विद्यार्थी तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत, एकत्र राबत. मराठीतून शिकविणारी, सरकारी अनुदानावाचून चालणारी ती शाळा म्हणजे त्या राज्याच्या अंधारातील एक लहानशी पणती होती. हिप्परग्यास असतानाच त्यांनी संन्यास घेतला, आणि व्यंकटेश खेडगीकरांचे स्वामी रामानंद तीर्थ झाले.

संन्यास म्हणजे जगाकडे पाठ फिरविणे, अशी आपली समजूत असते. स्वामीजींचा संन्यास निराळा होता. भगवी वस्त्रे धारण केल्यावरही ते फळ्यापुढे उभे राहिले, वह्या तपासू लागले, मुलांच्या जेवणाखाणाची चिंता वाहू लागले. त्यांनी त्याग केला तो घरदार, पैसा व मानमरातब यांचा, कामाचा नव्हे.

१९३५ साली ते आपले सहकारी बाबासाहेब परांजपे यांच्यासह अंबाजोगाईस गेले व तेथील योगेश्वरी नूतन विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीमुळे मराठी माणसास वंद्य असलेले ते गाव स्वामीजींच्या वास्तव्यात तरुणांचे केंद्र बनले. तेथे विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकांबरोबर देशाची स्थितीही कळू लागली. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि मराठवाड्यातील कार्यकर्ते प्रथमच एका मंडपात जमले.

पुढील वर्षी, म्हणजे १९३८ साली, हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना व्हावयाची होती. परंतु संस्था जन्मास येण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. जन्माआधीच मृत्युदंड, असा हा न्याय! तेव्हा सत्याग्रहावाचून मार्ग उरला नाही. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रहास प्रारंभ झाला. स्वामीजींनी मुख्याध्यापकपद सोडले, आणि काही दिवसांतच ते सत्याग्रही म्हणून तुरुंगात गेले. येथेही क्रम पाहण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांनी काही सोडण्यापूर्वी त्यांच्या गुरुजींनी आपले सोडले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी विद्यार्थ्यांची पाळी आली. नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील व हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील हिंदू विद्यार्थी वसतिगृहात प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् हे गीत म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी ते म्हणण्यास मनाई केली. विद्यार्थ्यांनी ऐकले नाही. त्यांना वसतिगृहांतून व वर्गांतून काढून टाकण्यात आले. त्यांच्या पाठिंब्यासाठी ठिकठिकाणच्या शाळा-कॉलेजांतील मुलांनी हरताळ पाडला, आणि शेकडो विद्यार्थी शिक्षणास मुकले.

त्या मुलांच्या घरी काय झाले असेल, याचा विचार आमच्या वाचकांतील आईबापांनी अवश्य करावा. खेड्यातून पोटास चिमटा घेऊन पाठविलेला मुलगा. त्याची नोकरी लागेल, घर वर येईल, ही आशा. आणि एके दिवशी तो बिछाना काखेत घेऊन दारात उभा. अपराध कोणता, तर एक गीत म्हटले. कित्येक घरी अश्रू ढळले असतील, कित्येक घरी मुलास बोल लागले असतील. तथापि त्या मुलांपैकी पुष्कळांनी क्षमापत्र लिहून देण्यापेक्षा राज्याबाहेर जाणे पत्करले. तेव्हा नागपूर विद्यापीठाने आपली दारे त्यांच्यासाठी उघडली. परक्या प्रांतात, परक्या माणसांत, मिळेल ते खाऊन त्यांनी आपले शिक्षण पुरे केले. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे याच चळवळीमुळे नागपूरला गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक होत. सांगावयाचे तात्पर्य हे की, या मुलांनीही शाळा सोडली पण पुस्तक सोडले नाही. ज्या विद्यापीठाने त्यांस बाहेर काढले, त्याहून दूरचे विद्यापीठ त्यांनी चालत जाऊन गाठावे तसे गाठले.

जुलमी सत्तेस विद्यार्थ्यांचे भय वाटते, हे केवळ आपल्याच देशात दिसून आले असे नाही. बरोबर एका वर्षाने, १७ नोव्हेंबर १९३९ रोजी, जर्मनीच्या नाझी सत्तेने प्राग येथे नऊ विद्यार्थी-पुढाऱ्यांस ठार केले, बाराशेंहून अधिक विद्यार्थ्यांस बंदिछावणीत पाठविले व चेक लोकांची सर्व विद्यापीठे बंद केली. १९४३ साली म्युनिक येथे हान्स शोल व त्याची बहीण सोफी या दोघा विद्यार्थ्यांचा शिरच्छेद झाला. त्यांनी हिटलरविरुद्ध पत्रके वाटली, हाच त्यांचा गुन्हा. तलवार, तोफ, तुरुंग सर्व काही हाती असलेल्या सत्तेने निःशस्त्र मुलांस इतके भ्यावे, याचे कारण एकच. विद्यार्थी प्रश्न विचारतो, आणि एकतंत्री सत्तेजवळ सर्व शस्त्रे असतात, परंतु प्रश्नाचे उत्तर नसते.

डिसेंबर १९३८ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह स्थगित करण्यात आला. स्वामीजींच्या वाट्यास मात्र तुरुंग पुनःपुन्हा आला. १९४० च्या सत्याग्रहात त्यांस पुन्हा अटक झाली. १९४२ च्या चले जाव चळवळीतही तेच घडले. स्टेट काँग्रेसवरील बंदी १९४६ साली उठली, आणि स्वामीजी तिचे अध्यक्ष झाले.

जून १९४७ मध्ये निजामाने जाहीर केले की, इंग्रज गेल्यावर हैदराबाद भारतातही सामील होणार नाही व पाकिस्तानातही नाही. ते स्वतंत्र राहील. प्रजेस कोणी विचारले नव्हते. स्वामीजींच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने भारतात सामील होण्याची मागणी केली व ७ ऑगस्ट १९४७ रोजी राज्यभर सामिलीकरण दिन पाळला. १५ ऑगस्टचा सूर्य उगवला तेव्हा दिल्लीत उत्सव चालला होता, आणि ज्याने राज्यात तिरंगा फडकविण्याचे आवाहन केले होते तो हा संन्यासी हैदराबादेत कैदेत होता. मध्यंतरीचे काही आठवडे वगळले, तर पुढील तेरा महिने त्यांचे तुरुंगातच गेले.

या तेरा महिन्यांत मराठवाड्यातील शाळा ओस पडल्या. वकिलांनी वकिली सोडली, विद्यार्थ्यांनी वर्ग सोडले. कोणी गावोगाव निरोप पोचवीत. कोणी सरकारच्या ताडी-शिंदीच्या उत्पन्नाला धक्का बसावा म्हणून शिंदीची झाडे तोडीत. कोणी सीमा ओलांडून सोलापूर जिल्ह्यातील छावण्यांत दाखल होत. त्या छावण्यांतून करोडगिरीच्या नाक्यांवर हल्लेही झाले. लढा आता निव्वळ निःशस्त्र राहिला नव्हता, हे आम्ही लपवीत नाही. खरे चरित्र सांगावयाचे तर ते सर्वच सांगितले पाहिजे.

दुसऱ्या बाजूसही तरुण होतेच. रझाकार नावाची सशस्त्र संघटना राज्यभर फिरत होती. तिच्या त्रासाने सीमेवरील गावेच्या गावे उठून बार्शी-सोलापूरकडे गेली. तिचे पुढारी कासिम रझवी हे लातुरास वकिली करणारे गृहस्थ. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. म्हणजे पाहा, एकाच जिल्ह्यातून दोन पुरुष निघाले. हिप्परग्याच्या मुख्याध्यापकाने तरुणांस अन्याय न सोसण्यास शिकविले. लातूरच्या वकिलाने तरुणांस शेजाऱ्याचा द्वेष करण्यास शिकविले. दोघांच्याही मागे मुले निघाली, दोघांच्याही मागे घोषणा देत निघाली. तारुण्याचा उत्साह हा स्वतः चांगलाही नव्हे आणि वाईटही नव्हे. तो कोणाच्या हाती पडतो यावर सर्व अवलंबून असते. आणि हा झगडा हिंदू व मुसलमान यांचा होता असे जो म्हणेल, त्याने शोएबुल्ला खान या तरुण संपादकाचे स्मरण करावे. भारतात सामील व्हावे असे आपल्या इमरोज पत्रातून निर्भयपणे लिहिल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून आपल्याच जिल्ह्यातील नळदुर्गावरून आत शिरले. १७ सप्टेंबरास निजामाने शस्त्र खाली ठेवले, आणि स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले. बहुतेक भाषणे येथे संपतात. आम्हांस येथे थांबता येत नाही.

सैन्य आल्यावर रझाकार पळाले, परंतु त्यांच्या पापाचे प्रायश्चित्त ज्यांनी काहीच केले नव्हते अशा मुसलमान शेजाऱ्यांस भोगावे लागले. पंतप्रधान नेहरूंच्या वतीने पंडित सुंदरलाल यांची समिती चौकशीसाठी आली. त्या काळात किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. आणि सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड, बिदर व गुलबर्गा यांच्याबरोबर आपल्या उस्मानाबादचे नाव होते. तो अहवाल अनेक वर्षे प्रसिद्ध झाला नाही. मुलांनो, हे वाचून वाईट वाटेल; वाटावेही. सत्ता उलथणे एका दिवसाचे काम असते, परंतु मनातील सूड उलथणे हे त्याहून कठीण. ज्या दिवशी आपण ध्वजास वंदन करतो, त्याच दिवसानंतर आपल्या खेड्यांत काय घडले, हे ठाऊक असलेला विद्यार्थीच त्या ध्वजाची योग्यता जाणील.

स्वातंत्र्यानंतर स्वामीजींस मंत्रिपद अशक्य नव्हते. त्यांनी ते घेतले नाही. लोकांनी त्यांस १९५२ साली गुलबर्ग्याहून व १९५७ साली औरंगाबादहून लोकसभेवर पाठविले. विनोबाजींच्या भूदानकार्यात त्यांनी लक्ष घातले. भाषावार प्रांतरचनेच्या तत्त्वास धरून हैदराबाद राज्याचे विसर्जन व्हावे असा त्यांचा आग्रह होता, आणि १९५६ साली ते झालेही. ज्या राज्याच्या मुक्तीसाठी आयुष्य वेचले, त्या राज्याचे नावही नकाशावर उरू नये असे म्हणणारा पुढारी विरळाच! परंतु आमच्या मते त्यांची खरी ओळख एका निराळ्या गोष्टीत आहे. मुक्तीनंतर दोन वर्षांच्या आत, १९५० साली, नांदेड येथे त्यांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज सुरू झाले. लढ्यापूर्वी शाळा, लढ्यानंतर कॉलेज. लढा हा त्या दोहोंमधील काळ.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे देहावसान झाले. मागे घर नाही, शेत नाही, वंश नाही. अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते, आणि १९९४ साली नांदेडास स्थापन झालेल्या विद्यापीठासही त्यांचेच नाव आहे. जे विद्यार्थी एके काळी विद्यापीठातून हाकलले गेले, त्यांच्या पुढाऱ्याचे नाव विद्यापीठाच्याच दारावर लागावे, हा इतिहासाने केलेला न्यायच म्हटला पाहिजे.

आता त्या नववीतील विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. मुलांना शाळा सोडू देणारा शिक्षक चांगला की वाईट? आमचे उत्तर असे आहे. तो शिक्षक आधी स्वतः काय सोडतो, हे पाहावे. मुलांना तो कोणाविरुद्ध नेतो, अन्यायाविरुद्ध की शेजाऱ्याविरुद्ध, हे पाहावे. आणि लढा संपल्यावर तो मुलांस कोठे परत आणतो, हे पाहावे. जो स्वतः सुरक्षित राहून मुलांस पुढे ढकलतो, तो पुढारी नव्हे. जो मुलांच्या हाती दगड देतो आणि नंतर पुस्तक परत देत नाही, तोही नव्हे. स्वामीजी या तिन्ही कसोट्यांस उतरले.

आणि मुला, आणखी एक. तुझी पिढी वर्गात निर्वेध बसते, आपल्या भाषेत शिकते, शिक्षकांस तोंडावर अवघड प्रश्न विचारते, आणि तिला कोणी वसतिगृहाबाहेर काढीत नाही. हा बाक तुझ्यासाठी कोणी तरी आपला बाक सोडून मिळविला आहे. त्याचे ऋण फेडावयाचे तर आज शाळा सोडण्याचे कारण नाही. उद्या सकाळी वेळेवर ये, धडा करून ये, आणि शेजारच्या बाकावर कोणत्याही जातीचा वा धर्माचा मुलगा बसला असो, त्यास सरकून जागा दे.